रेडिओ पाखाची हरवलेली सकाळ

१

पौषातल्या एका रविवारी नेपाळातल्या तानसेन गावाच्या डोंगरावर नेहमीसारखं उजाडलं, पण हिरा दाइ बोलले नाहीत.

हिरा दाइ, म्हणजे सगळ्यांचे दादा हिराध्वज बज्राचार्य, जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी रेडिओ पाखा या स्टेशनचा दिवस रोज सकाळी त्यांच्याच आवाजात उघडायचा. शेवटच्या आजारपणात, फुप्फुसं पार गेलेली असताना, त्यांनी ते रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. आधी काही क्षण कॉम्प्युटरच्या पंख्याची घूंघूं, तिच्याखाली ओढून ओढून घेतलेला एक श्वास, मग दुसरा, आणि मग तो जाडाभरडा, मायेचा आवाज: “नमस्कार. डोंगरावर उजाडलंय. खाली खोऱ्यात धुकं आहे, त्यांना उठायला उशीर होईल. आपण चूल पेटवू या. हा रेडिओ पाखा.” बास, एवढंच. पण पाल्पा जिल्ह्यातली अर्धी माणसं त्या ‘चूल पेटवू या’वर उठायची.

त्या रविवारी थेट बातम्याच लागल्या. लोकांचे फोन सुरू झाले. व्यवस्थापक भुसाल सर घरातल्या चपलांवरच धावत आले, कॉम्प्युटर उघडला, तर फाइल नाही. स्वतःच्या खोलीतलं कपाट उघडून जपून ठेवलेली दुसरी प्रत बघितली, तर तीही नाही.

आणि टक्सार टोल या आळीत हिरा दाइंच्या बायकोनं, आमच्या आसमाया भाउजूनं म्हणजे वहिनीनं, जेवण सोडलं. दोन वर्षं ती बाई नवऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय तोंडात घास घालत नव्हती. आता आवाजच येईना, तर घास कशाच्या जोरावर जाणार?

मी टेकनाथ पंथी, बुटवलचा. माझा धंदा विचाराल तर आवाज घालवण्याचा. रेडिओच्या स्टुडिओत कॉम्प्युटर असतो, कॉम्प्युटरला पंखा असतो, आणि माइकला माणूस कोण नि पंखा कोण हे कळत नाही. तो सगळंच गिळतो. मग मला बोलावतात. मी कॉम्प्युटर उचलून शेजारच्या खोलीत नेतो, भिंतीला भोक पाडून तारा ओढतो, भोकात लोकर कोंबतो. जागा नसेल तिथे लाकडी खोकं करून आतून गोधडी लावतो, गुदमरून मरू नये म्हणून मागून वाट ठेवतो. या डोंगरातली सगळी स्टेशनं मला घूंघूं डाक्टर म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून खपवून घेतो.

पाखाचा कॉम्प्युटर मीच दसऱ्याच्या आधी कोठीच्या खोलीत हलवला होता. त्यामुळे सगळीकडे शोधून झाल्यावर, काही दिवसांनी, भुसालांचा फोन मलाच आला.

“पंथीजी, तुम्ही कॉम्प्युटर हलवलात आणि आमची फाइल हलली. आता तुम्हीच या नि शोधा.”

“फाइलला काय पाय फुटलेत, सर? कॉम्प्युटर हलवून कितीतरी दिवस झाले.”

“तेच म्हणतोय मी. चोरच आहे. दोन्हीकडून गेलंय म्हणजे घरातलाच आहे. माणसं तीन. मी, सुश्मिता आणि सुवर्ण. त्यातला मी नाही.”

“आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?”

पलीकडे किल्ल्यांचा खुळखुळाट झाला.

“माझ्या कमरेला,” भुसाल म्हणाले.

२

भुसाल सरांना मी ओळखून होतो. माणूस वाईट नाही, पण शांतता दिसली की त्यात जाहिरात भरावीशी वाटते. दुपारी पोचलो तेव्हा ते उन्हात खुर्ची टाकून संत्रं सोलत बसले होते. मलाही दोन फोडी दिल्या, पण चेहरा असा की त्या माझ्याकडून परत मागतील.

“सकाळी दाइंच्या आवाजाची ती जागा नूडल्सवाल्यांना हवी होती, ही गोष्ट खरी ना?” मी सरळच विचारलं.

“हवी होती. जाहिरात तयार होऊन आलीय. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. दसऱ्याला. तेव्हा सोबत रक्सीचा ग्लास होता.”

त्यांनी साल खाली टाकलं. “हे बघा, मी त्यांना दाइंच्या नंतरची जागा देऊ केली होती. दाइंना हात लावीन का मी? लोक मला डोंगरावरून ढकलून देतील. हां, सुरुवातीची ती धाप मात्र काप म्हणून सुवर्णला कितीदा सांगितलं. सकाळी सकाळी लोकांना दम्याची धाप कशाला ऐकवायची? पण दाइ जिवंत होते तेव्हा कापू देत नव्हते, आणि गेल्यावर भाउजूनं कापू दिली नाही.”

“दुसऱ्या प्रतीचं काय?”

“दर शनिवारी सुट्टी असते तेव्हा मी स्वतः करतो. कपाटातली डबी कॉम्प्युटरला जोडायची नि बटण दाबायचं. कॉम्प्युटरवर जे आहे ते जसंच्या तसं डबीत उतरतं.”

“आणि कॉम्प्युटरवर जे नाही ते?”

त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं आणि संत्र्याची फोड हातातच राहिली. शनिवारी सकाळच्या प्रसारणानंतर कोणीतरी कॉम्प्युटरवरून फाइल काढली, आणि दुपारी भुसाल सरांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या किल्लीनं, दुसरी प्रतही पुसून टाकली. कपाट फोडायला चोराला जावंच लागलं नाही.

सकाळची निवेदिका सुश्मिता गाहा स्टुडिओत हात शेकत बसली होती. वीस-बावीसची पोर, तोंडानं फटकळ. मला बघून म्हणाली, “या डाक्टर. फाशीचा दोर आणलात का? सर म्हणतात, चोर मीच.”

“का म्हणतात?”

“मी एकदा बोलून गेले म्हणून. टेक दाइ, तुम्हीच सांगा, रोज मेलेल्या माणसाच्या पाठोपाठ बोलायचं. लोक त्यांचं ऐकून चूल पेटवायला उठतात, माझा नमस्कार धुरात जातो. माझ्या आईलासुद्धा त्यांचं पाठ आहे, माझं नाही. हे बोलले मी, आणि खरं तेच बोलले. पण म्हणून पुसून टाकीन?”

“भीती वाटायची का त्या रेकॉर्डिंगची?”

तिनं मान खाली घातली. “सुरुवातीला वाटायची. बाहेर काळोख, मी एकटी, आणि कानात हेडफोन. आधी ती घूंघूं, मग तो श्वास. असं वाटायचं की माझ्या खुर्चीमागेच कोणी उभं आहे. पण शेवटी शेवटी नाही वाटली. शेवटचे काही दिवस दाइंचा आवाज इतका स्वच्छ यायचा.”

मी वाकून तार तपासत होतो, तो सरळ झालो. “स्वच्छ म्हणजे?”

“म्हणजे ती घूंघूं नव्हतीच. नुसता आवाज. मला वाटलं तुम्हीच येऊन काहीतरी करून गेलात.”

मी काहीच करून गेलो नव्हतो. दसऱ्यानंतर मी या डोंगरावर पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

३

सुवर्ण हा हिरा दाइंचा मुलगा. स्टेशनचा सगळा तांत्रिक भाग तोच बघतो. तिशीचा असेल, पण त्या दिवशी पन्नाशीचा दिसत होता. कोठीच्या खोलीत कॉम्प्युटरजवळ स्टोव्हवर त्यानं माझ्यासाठी चहा ठेवला आणि साखर घालायला विसरला.

“भाइ, तुला कोणाचा संशय येतो?”

“कोणाचाच नाही. आणि चोर सापडून काय होणार, दाइ? आवाज येणारेय का परत?”

“तेच बघायला आलोय. दुसरीकडे कुठे असेल का? कोणाच्या मोबाइलवर?”

“सगळ्यांना विचारून झालं. रोज येणारी गोष्ट कोण साठवून ठेवतो?” तो चहाकडे बघत म्हणाला. “मीसुद्धा नाही ठेवली. माझा बाप, आणि माझ्याकडे नाही.”

“पूर्ण नसेल, तर तुकडा तरी? मी शिकवलेलं आठवतंय ना? बोलण्याआधीची शांतता वेगळी ठेवायची. निदान तो सुरुवातीचा भाग तरी कुठे पडून असेल.”

“सुरुवातीला काय आहे त्यात? काहीच नाही. नुसती पंख्याची घूंघूं. ती घेऊन काय करणार?”

त्याचं म्हणणं मी तेव्हा तसंच सोडून दिलं. बिनसाखरेचा चहा संपवला आणि म्हटलं, चल, भाउजूला भेटू.

टक्सार टोल उतरताना तो माझ्या पुढे पुढे चालत होता. दाराशी मात्र थांबला. “दाइ, आमा काहीबाही बोलते हल्ली. मनावर घेऊ नका.”

आसमाया भाउजू चुलीपाशी बसली होती. चूल विझलेली. शेजारी झाकून ठेवलेली थाळी, तिला हात लागलेला नव्हता. रेडिओ फळीवर, तिच्या ढाक्याच्या शालीचा तुकडा त्याच्याखाली घातलेला. तिचा हात हातात घेतला तर हाडंच लागली. या बाईनं मला वर्षानुवर्षं बारा, म्हणजे डाळीचे वडे, नि दही-बटाट्याची चुकौनी वाढलीय, वाढताना ‘अजून एक, अजून एक’ म्हणून छळलंय.

“भाउजू, असं काय करता? खायला नको का?”

“टेक बाबू, तू चोर शोधायला आलास म्हणे.”

“हो. रविवारी ते गेलं, ते शोधायला.”

तिनं मान हलवली. “रविवारी नाही गेले ते. त्याच्या आधीच गेले होते.”

४

“आमा,” सुवर्ण म्हणाला, “पुरे आता.”

“तू बाहेर बस,” मी त्याला म्हटलं. तो बाहेर गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

“आधी म्हणजे कधी, भाउजू?”

“त्यांच्या तिथीला. मी चहा घेऊन बसले होते. रेडिओ लागला. शब्द तेच, आवाज त्यांचाच. पण ते त्यात नव्हते. कोणीतरी त्यांच्या आवाजात बोलून गेलं. मी चहा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सुवर्णला म्हटलं, अरे, हे तुझे बा नाहीत. तो म्हणाला, तुझ्या कानाला काहीतरी झालंय.”

“त्यांच्यात काय कमी होतं?”

तिनं फळीवरच्या रेडिओकडे बोट केलं. “आधी ते यायचे, मग बोलायचे. आता न येताच बोलत होते.”

घरातल्यांना हे म्हातारीचं भ्रमिष्टपण वाटलं असेल. मला तसं वाटलं नाही. ज्या दिवसापासून सुश्मिताला आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला, त्याच दिवसापासून भाउजूचा नवरा गेला होता. म्हणजे चोरी एक नव्हती, दोन होत्या. रविवारी गेली ती नुसती फाइल. त्याच्या आधी फाइलमधून काहीतरी गेलं होतं.

मी उठलो. भाउजूनं माझी बाही धरली.

“मला चोर नकोय, बाबू. चोराचं काय करू मी? त्यांना आण.”

हो म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी नुसती मान हलवली आणि दाराकडे वळलो, तर चौकटीत सुवर्ण नव्हता.

५

प्रसारणाच्या खोलीत, मनोऱ्याखाली, एक जुनं मशीन असतं. हवेत गेलेला शब्दन् शब्द त्यात आपोआप साठतो, कारण कोणी तक्रार केली तर सरकारला दाखवायला लागतं. जागा थोडी, म्हणून नवं बसताना जुनं पुसलं जातं. भुसालांनी मला बोलवायला इतका वेळ लावला होता की खरं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं गेलं होतं. पण शेवटच्या दोन-तीन सकाळी शिल्लक होत्या. मी हेडफोन लावले.

घूंघूं नव्हती. काहीच नव्हतं. तळ नसलेल्या विहिरीसारखी शांतता, आणि तिच्यातून एकदम “नमस्कार”. शब्दाशब्दांच्या मध्येही तसंच. ‘स’ नि ‘श’ची धार गेलेली. हिरा दाइ बोलत होते, पण बोलताना श्वास घेत नव्हते. दमेकरी माणूस, शेवटच्या हिवाळ्यातला, आणि श्वास घेत नव्हता.

हे काय झालंय ते मला तत्काळ कळलं, कारण ही विद्या मीच वाटत फिरतो. बोलण्याआधी थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं, श्वाससुद्धा रोखायचा. त्या वेळात माइकमध्ये जातो तो फक्त खोलीचा आवाज, पंख्याचा. नंतर कॉम्प्युटरला तो तुकडा दाखवायचा नि सांगायचं, बाबा रे, हे जे आहे ते सगळीकडून काढ. तो इमानेइतबारे काढतो. पण हिरा दाइंना श्वास रोखता येत नव्हता. त्यांच्या शांततेत त्यांचा श्वास होता. कोणीतरी तोच तुकडा कॉम्प्युटरला दाखवला होता, आणि कॉम्प्युटरनं पंख्याबरोबर त्यांचा श्वासही वेचून वेचून काढून टाकला होता.

कोणी, तेही मला कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

स्टुडिओकडे आलो तर आत भांडण पेटलेलं. भुसाल सर सुश्मिताला म्हणत होते, “उद्यापासून येऊ नकोस, आणि पोलिसात काय सांगायचं ते सांग.” ती म्हणत होती, “तुमच्या नूडल्सच्या पाकिटावर लिहून देते, चला.” सुवर्ण खाली मान घालून कोपऱ्यात बसला होता.

“सगळे बसा,” मी म्हटलं. “आणि सर, त्या पोरीला सोडा. तिचं काही नाही यात.”

“कशावरून?”

“ज्यानं फाइल पुसली त्यानं आधी ती साफ केली होती. साफ केलेलं बिघडलं, म्हणून पुसली. साफ करायला मी तुम्हा तिघांनाही शिकवलंय, एकाच दिवशी, याच खोलीत. काय सांगितलं होतं? जिथे माणसाचा श्वास नाही असाच तुकडा घ्यायचा. बरोबर? आता सर, त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुम्हाला काय ऐकू यायचं?”

“धाप. सांगितलं ना तुम्हाला.”

“सुश्मिता?”

“श्वास. मागे कोणी उभं असल्यासारखा.”

“तुम्ही दोघं तो तुकडा रिकामा म्हणून कधीच घेतला नसतात. सर, तुम्ही तर तो सरळ कापलाच असता. श्वास ज्याला ऐकूच येत नाही, त्यालाच तो रिकामा वाटणार.” मी सुवर्णकडे वळलो. “मीही विचारलं होतं. एकानं सांगितलं, सुरुवातीला काहीच नाही, नुसती पंख्याची घूंघूं.”

सुवर्णनं मान वर केली. त्याला अजूनही कळलं नव्हतं. “पण नव्हतंच काही, दाइ. मी कितीदा ऐकलंय ते.”

“होतं, भाइ. तुझ्या बांची धाप होती. तू जन्मल्यापासून त्याच खोलीत झोपलास. रोज रात्री तो आवाज तुझ्या उशाशी होता. नदीकाठच्या माणसाला नदी ऐकू येते का? तुला तो आवाज म्हणून कधी ऐकूच आला नाही.”

भुसाल सर हळूच खुर्चीत बसले.

“तुम्ही खोली इतकी शांत करून दिलीत,” सुवर्ण म्हणाला, जणू हिशेब माझ्यापुढे मांडत होता. “सुश्मिताचा आवाज कसा लख्ख यायला लागला. आणि तिच्या आधी बांचा तो कळकट, घूंघूं करणारा. मला लाज वाटायची. लोक म्हणतील, मुलगा तंत्रज्ञ आहे नि बापाचा आवाज असा. म्हटलं, तिथीला साफ करून लावू. बांना तेवढं तरी देऊ. झाल्यावर मला इतकं बरं वाटलं होतं, दाइ. आणि त्याच सकाळी आमा म्हणाली, हे तुझे बा नाहीत.”

“मूळ फाइल?”

“तिच्यावरच उतरवली. नाव तेच ठेवलं. त्या आठवड्याच्या शनिवारी सरांनी तीच डबीत घेतली. मग आमा रोज सकाळी तेच म्हणायला लागली. चहा तसाच थंड. शेवटी मी मुकाट्यानं पुन्हा ऐकलं, शंभरदा ऐकलं. काय चुकलं ते कळेना. पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, मी काहीतरी मारलंय. तिला रोज ते खोटं ऐकवण्यापेक्षा काहीच नको, असं वाटलं. काढून टाकलं. चोरी झाली म्हणाले, म्हटलं होऊ दे चोरी.”

तो रडला नाही. सुश्मिताच रडली. भुसाल सर उठले, त्यांनी सुवर्णच्या पाठीवर हात ठेवला.

६

एक शेवटचा प्रश्न राहिला होता. तो विचारायला मी घाबरत होतो, कारण उत्तर ‘नाही’ आलं असतं तर भाउजूकडे जायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

“भाइ, मी शिकवताना असंही सांगतो की काढलेला कचरा फेकायच्या आधी एकदा ऐकायचा. चुकून माणूस तर निघाला नाही ना, ते बघायला. तू ऐकलास?”

“ऐकला की. मोबाइलवर घेतला होता, घरी जाता जाता ऐकला. नुसती घूंघूं होती.”

“आहे का अजून?”

त्यानं मोबाइल काढला. कुठल्या कुठे, लग्नाच्या फोटोंच्या नि पावसाच्या व्हिडिओंच्या खाली, ते सापडलं.

मी तो कानाशी धरला. पंखा होता. पंख्याखाली हिरा दाइ होते. शब्द एकही नाही, शब्दांच्या जागी नुसती ‘स’ नि ‘श’ची फुसफुस, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो ओढून ओढून घेतलेला, अडखळत सोडलेला श्वास.

संध्याकाळपर्यंत आम्ही खपलो. मशीनमधले शब्द नि मोबाइलमधला श्वास एकमेकांवर बसवायचा प्रयत्न केला. मशीनमधला आवाज हवेतून येता येता पातळ झालेला, मोबाइलमधला जाड. जोडले की दोन वेगळी माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं वाटायचं. सुवर्ण म्हणत राहिला, अजून एकदा, दाइ, अजून एकदा. शेवटी मीच बंद केलं. म्हटलं, उगीच तिसरा माणूस बनवू नकोस.

भाउजूला मी सगळं सांगितलं. सुवर्ण तिच्यासमोर बसला होता, शिक्षेची वाट बघत. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“शब्द नाहीत का त्यात?” तिनं मला विचारलं.

“नाही, भाउजू. शब्द गेले.”

“शब्द मला पाठ आहेत. लाव.”

मी मोबाइल तिच्या कानाशी धरला. तिचे डोळे मिटले. तिचा स्वतःचा श्वास थांबला, आणि मग त्या श्वासाच्या मागोमाग चालायला लागला. किती रात्री ती अशी जागी पडून असेल, हा श्वास पुढे चालतोय की नाही ते मोजत, देवाला ठाऊक. ऐकताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी कोणीतरी घरी आल्याची खूण होती.

“आले,” ती म्हणाली.

मग तिनं मोबाइल सुवर्णच्या कानाशी नेला. तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा पडत गेला.

“मला अजून नाही ऐकू येत, आमा. पंखाच येतोय नुसता.”

“अरे, मी जागी असायचे, म्हणून तुला झोप लागायची. पोरानं झोपायचंच असतं. त्यात तुझी काय चूक?” तिनं त्याचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि हिरा दाइंसारखा श्वास ओढला, खालून, अडखळत, मध्येच थांबून. मग मोबाइलमधल्याबरोबर पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी सुवर्णचा हात तिच्या छातीवर एकदम घट्ट झाला. तो पुढे वाकला, त्याचं डोकं तिच्या मांडीवर गेलं आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. बाप गेल्यावर तो रडला नव्हता, असं भाउजू मला पुढे कधीतरी म्हणाली.

ते संपलं तसा मी पुन्हा लावायला हात पुढे केला. तिनं मोबाइलवर तळवा ठेवला.

“राहू दे. आज एवढंच. बाकीचं उद्या.”

“आमा, हे संपत नाही,” सुवर्ण मांडीवरूनच म्हणाला. “कितीदाही लागतं.”

“माणूस संपलेला पाहिलाय मी,” ती म्हणाली. “राहू दे उद्यासाठी.”

मग तिनं झाकलेली थाळी पुढे ओढली, थंडगार भात होता, त्याचा घास केला आणि आधी मुलाला भरवला.